बस्त्यावचं नाक

बस्त्यावच्या घरात दुपारी बाराच्या आत कांदा चिरलेला मी कधी पाहिला नाही. त्याची बायको लूसी सकाळची फोडणी मागच्या पडवीत द्यायची, तीही मधलं दार ओढून घेऊन. बस्त्यावच्या केसांना तेल नाही, खिशात तंबाखू नाही, अंगाला साबण म्हणजे कपडे धुवायची वडी. रविवारी चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर दाराशी बसायचा, कारण पुढे धूप फिरवतात. फादरनी एकदा टोकलं, "बस्त्याव, देवापासून एवढा लांब का बसतोस?" तर म्हणाला, "फादर, देवाला मी इथून पन दिसतो. तो धूर नाकाला सोसत नाय, आनि नाक त्यानंच दिलंय."

तो गेला तेव्हा त्याच्या नावाचं कार्ड छापलं. फोटो, जन्माची तारीख, मरणाची तारीख आणि खाली एक ओळ, 'कारखान्यात प्रामाणिकपणे नोकरी केली'. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार माणूस, पण एवढं मलाही कळतं की ही ओळ कुणाच्याही फोटोखाली चालेल. म्हणून लिहायला बसलो. सून म्हणाली, नाना, तुम्ही सांगा, मी फोनमध्ये टाकते. मी म्हटलं, माझ्या दोस्ताचं आहे, माझ्या हातानं होऊ दे. चुका असतील त्या माझ्या.

माझं दुकान आचोळ्याला. तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आता बिल्डिंगी आहेत, पण दुकान तिथंच आहे, मी हलवलं नाही. बस्त्यावचं गाव पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, जिथे भाताची खाचरं संपतात आणि वाड्या सुरू होतात. त्याच्या गावात मिंगेल नावाच्या माणसाकडे मी खिडक्या बसवायला गेलो होतो. मिंगेलच्या पोरीचं लग्न चार दिवसांवर होतं. मांडवासाठी दारू घरीच काढायची त्यांची पद्धत. पण त्या वर्षी माल कमी पडला म्हणून मिंगेलनं दोन कॅन बाहेरून आणून त्यात मिसळले होते. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाची दारू बस्त्यावला दाखवल्याशिवाय पाहुण्यांना द्यायची नाही असा त्या गावात रिवाज पडला होता. तो आला. काळा, किडकिडा, हाफ पँट आणि बनियन. पेला नको म्हणाला. डाव्या तळहातावर चार थेंब घेतले, दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि नाकाशी धरले. परत घासले, परत हुंगले. तळवे कोरडे होईस्तोवर थांबला आणि तिसऱ्यांदा हुंगले. मग माझ्याकडे वळला. आमची ओळखसुद्धा नव्हती.

"सुतार, इकडे ये. हा वास तुझ्या धंद्यातला हाय. कसला सांग."

मी वाकून हुंगलं. चपडा लाख आम्ही स्पिरिटात भिजवतो, लाकडाला पॉलिश करायला. अगदी तोच वास. मी म्हटलं, "पॉलिशचं स्पिरिट."

"ऐकलंस?" तो मिंगेलला म्हणाला. "माझ्या तोंडून नको, परक्या मानसाच्या तोंडून ऐक. ओत."

मिंगेल हातापाया पडला. मांडव घातलाय, पावणे येणार, आता कुठून आणू. बस्त्याव हलला नाही. म्हणाला, "तुझ्या हातानं ओत. मी ओतली तर तू म्हनशील बस्त्यावनं लग्न मोडलं." सगळी दारू मिंगेलनं स्वतःच्या हातानं केळीच्या चरात ओतली. लग्नात सरबत वाटलं. पाहुणे हसले, आणि मिंगेल तीन वर्षं बस्त्यावशी बोलला नाही.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावात एका घरी लग्न झालं. तिथे बस्त्यावला बोलावलं नव्हतं. तिथली दारू पिऊन दोन माणसं मेली, एकाचे डोळे गेले. मिंगेल त्या मयताहून थेट बस्त्यावच्या ओट्यावर येऊन बसला आणि काही न बोलता तासभर बसून राहिला. शेवटी लूसीनं दोघांपुढे चहा ठेवला तेव्हा बस्त्याव म्हणाला, "मला एक निरोप धाडला असता तर सायकलवर गेलो असतो." ते त्याला फार लागलं होतं. पुढे कित्येक वर्षं कुणाच्या लग्नाची बातमी ऐकली की तो आधी विचारायचा, "दारू कोन बघतंय?"

त्याची नोकरी मुंबईकडच्या एका दारूच्या कारखान्यात होती. लागला तेव्हा बाटल्या धुवायला. एक दिवस धुवायचं पाणी हुंगून म्हणाला, टाकीत काहीतरी मेलंय. सगळे हसले. टाकी उघडली तर कबुतर. तेव्हापासून केमिस्टसाहेब त्याला गुपचूप आपल्या खोलीत बोलवायला लागले. बाटल्यांवर खडूनं आकडे लिहिलेले असायचे. बस्त्याव तळहातावर घेऊन सांगायचा की ही बरी, हिच्यात मळी करपली, हिचं पिंप कुजकं. कागदावर सही साहेबांची. बस्त्याव कागदावर शेवटपर्यंत बाटल्या धुणारा कामगारच राहिला. आणि एवढं करून तो पीत नव्हता. एक घोट नाही. जिभेवर घ्यायचा आणि थुंकायचा.

"दारूला तीन वास असतात," तो मला शिकवायचा. "पयला पावन्याचा. दारात येतो, मोठ्यानं बोलतो, त्याच्यावर जाऊ नको. दुसरा घरच्या मानसाचा, तो दान्याचा, पिंपाचा. आनि तिसरा, सगळं उडून गेल्यावर हाताला उरतो तो. किंमत तिसऱ्याची." आणि मग म्हणायचा, "तरी शंका असली तर पानी घाल. पान्यात कुनाला खोटं बोलता येत नाय."

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोठा माल बिघडला. मालक स्वतः खाली आले. बस्त्यावला खुर्ची दिली. म्हणाले, तू फक्त हो म्हण, साहेब सही करतात. बस्त्याव म्हणाला, "शेट, मी हो म्हनलो तरी वास हो म्हननार नाय." दुसऱ्या दिवसापासून त्याला परत बाटल्यांवर पाठवलं. पुढची अकरा वर्षं, निवृत्त होईस्तोवर, तो बाटल्याच धूत राहिला. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाला, "बाटली धुतली की साफ होते. दारूचं तसं नाय."

त्याच्याबद्दल एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही. लूसी आजारी पडली त्याच्या सहा महिने आधी त्याला कळलं होतं. तिच्या श्वासाला वास यायला लागला होता, पिकून फुटलेल्या फळासारखा. तो बोलला नाही. मनाला म्हणाला, दात किडला असेल, पोट बिघडलं असेल. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिला पुरून आल्यावर माझ्या दुकानात येऊन बसला. करवतीचा भुसा चिमटीत धरून म्हणाला, "आयुष्यात एकदाच नाकावर झाकन ठेवलं, सुतार. एकदाच." नंतर ती गोष्ट त्यानं परत काढली नाही, आणि मीही नाही.

लूसीमागे घर त्याची मुलगी आग्नेस सांभाळायची. तिनं लग्न केलं नाही. वाडी तिची. म्हणजे कागदावर बस्त्यावची, पण राबायची ती. केळी, दहा-बारा नारळ, कडेला सोनचाफा. राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करायची, पानात बांधून विकायची. तिच्या हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग कायम. सुकेळी उन्हातून कधी उचलायची हे बस्त्याव सांगायचा. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणायचा, "आग्नेस, आज काढ. उद्या आंबेल." कधी चुकला नाही.

मुलगा विल्सन अमेरिकेत. गेला होता बोटीवर, उतरला तिकडेच, आणि दारूच्या एका लहान कारखान्यात लागला. बापाचं नाक त्याच्याकडे थोडं आलं होतं म्हणायचे.

मग कोरोना आला. बस्त्याव पंधरा दिवस तापात होता, वाचला. तीन-चार महिन्यांनी माझ्या दुकानात आला. मी एका दरवाजाला पॉलिश मारत होतो. एरवी पॉलिशचा डबा उघडला की बस्त्याव उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा, माझं काम संपेस्तोवर. त्या दिवशी तो डब्याशेजारी स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. पावसाचं बोलला, पालिकेचं बोलला. मी हात थांबवला. डबा उचलून त्याच्या नाकाखाली धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. डब्याकडे नाही, माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

"येईल परत. लोकांचं येतंय."

"लोकांचं येतंय," तो म्हणाला. "आग्नेसला सांगू नको."

"आणि सुकेळी?"

"डोळ्यानं सांगतो. रंग बघून. दोनदा आंबली. ती म्हनाली, ऊन वाकडं पडलं असेल."

दोन वर्षं आली नि गेली, नाक आलं नाही. कांदा मात्र त्याच्या घरात बाराच्या आत चिरला जात नव्हता. चर्चमध्ये तो दाराशीच बसत होता. लग्नाची दारू घेऊन कुणी आलं तर म्हणायचा, आता म्हातारा झालो, दुकानातली सीलबंद आना. गावाला वाटलं, अजून नाकाचा केवढा मान राखून आहे.

त्याच सुमाराला विल्सनचा फोन आला. ज्या कारखान्यात तो होता तिथले दोघे आणि तो मिळून आपली दारू काढत होते. सिंगल माल्ट. मोड आणलेल्या जवाची, दुसरं धान्य नाही, आणि एकाच भट्टीतून निघालेली. पहिली पिंपं भरून तीन वर्षं झाली होती. आता वाढवायचं तर भांडवल पाहिजे होतं. वाडीवर एका बिल्डरचा डोळा आधीच होता. विल्सनचं म्हणणं, वाडी घरासकट देऊन टाकू, आग्नेसला चांगला फ्लॅट घेऊ, बाकीचं मी लावतो.

बस्त्याव ते सांगायला माझ्याकडे आला. मी विचारलं, "मग काय म्हणालास?"

"म्हनलो, बाटली घेऊन ये. मी बघतो. चांगली असली तर सही करतो. नसली तर वाडी आग्नेसच्या नावावर, परत विषय काढायचा नाय. त्यानं कबूल केलं."

मी रंधा खाली ठेवला. "बस्त्याव, नाक नसताना नाकावर वाडी लावलीस?"

"तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला. "तो फोनवर म्हनाला, पप्पा, जगात कुनी काय म्हनो, तुम्ही काय म्हनता ते मला पायजे. आता यावर मी काय म्हनू? नाक मेलं म्हनू?"

"म्हण."

तो म्हणाला, "तू ये. मिंगेलच्या वेळी विचारलं होतं तसं तुला विचारीन, लाकूड कसलं, म्हनून. तू जे येतंय ते सांग, तुझ्या भाषेत. मी त्याच्यावरून निकाल देईन. इतकी वर्सं तुला शिकवलंय. पन सुतार, जे हाय तेच सांग. तू खोटं बोललास तर खोटा मी होईन."

मी शब्द दिला.

विल्सन आला तो रविवार होता. चर्चमधली मिसा आटोपून सगळे ओट्यावर बसले होते. सगळे म्हणजे बस्त्याव, विल्सन, आग्नेस आणि मी. मिंगेल काठी टेकत आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. विल्सननं बाटली काढली. आत मधासारखा रंग. इथल्या पैशात आठ हजार पडतात म्हणाला.

"किंमत बाटलीवर छापता येते," बस्त्याव म्हणाला. "आतल्याला विचारावी लागते. किती वर्सं?"

"तीन."

"तीन म्हंजे पोर."

"पप्पा, तिकडे आम्ही छोटी पिंपं वापरतो. ओक लाकडाची, कोरी, आतून जाळलेली. लवकर मुरते."

"लवकर रंगते."

"आधी बघा तरी," विल्सन हसला आणि बूच काढलं. "ठाऊक आहे का, तळहातावर घासून बघायचं मी तिकडे सुरू केलं. पहिल्यांदा सगळे हसायचे. आता सगळे तसंच बघतात."

बस्त्यावनं हात पुढे केला. विल्सननं चार थेंब टाकले. त्यानं घासले, नाकाशी धरले, डोळे मिटले. ज्या माणसाला काही येत नव्हतं त्यानं ते इतकं जसंच्या तसं केलं की क्षणभर मलाच वाटलं, आलं याचं नाक. परत घासले, परत हुंगले. मिंगेल पुढे सरकून बसला होता.

"अर्धा गुन पिंपाचा," बस्त्याव म्हणाला. "सुतार, लाकूड बघ."

मी उठलो आणि त्याच्या तळव्यांवर वाकलो.

काय आलं ते मी इथे लिहीत नाही, पुढे लिहितो. एवढं सांगतो की वाईट नव्हतं. मी मान वर केली तर समोर आग्नेस पाण्याची वाटी घेऊन उभी. वाटीभोवती तिची ती काळी बोटं. ती बापाकडे नाही, विल्सनकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "लाकूड ओलं आहे. नीट वाळवलेलं नाही. कडू वास येतोय, बुरशीसारखा."

विल्सनचा चेहरा उतरला. "नाना, काय बोलता? दोन वर्षं वाळवलेलं लाकूड आहे ते."

"मी पन्नास वर्षं लाकूड कापतोय," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणून जोरात म्हटलं.

बस्त्याव माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आग्नेसच्या हातातली वाटी घेतली. दुसऱ्या वाटीत थोडी दारू ओतायला लावली, त्यात पाणी घातलं, आणि जिभेवर घेतली. नाक मेलं तरी जिभेला गोड, कडू, तिखट एवढं कळतं. हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. त्यानं ती तोंडात फिरवली आणि ओट्याखाली थुंकली. परत घेतली, परत थुंकली.

"कडू नाय," तो म्हणाला.

त्यानं वाटी खाली ठेवली.

"विल्सन, ऐक. आग्नेस, तू पन. माझं नाक दोन वर्सांमागे गेलंय. कायच येत नाय. सुतारानं माझ्यासाठी हुंगलं, आनि माझ्यासाठीच खोटं बोलला. ही कडू नाय, गोड हाय, घशाला जाळते. एवढं लहान पोरगं पन सांगेल. याच्या पुढचं मी सांगू शकत नाय."

मिंगेलच्या हातातली काठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"म्हणजे आंबलेली सुकेळी..." आग्नेस म्हणाली, आणि थांबली.

"हां. ती माझ्यामुळं."

विल्सन बराच वेळ बाटलीचं बूच फिरवत बसला. मग हळू म्हणाला, "म्हणजे वाईट नाही ना, पप्पा?"

"वाईट म्हनायला माझ्याकडे काय नाय," बस्त्याव म्हणाला. "आनि वाईट म्हनता येत नसेल तर शब्द मोडता येत नाय. कागद आन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "बस्त्याव, माझ्या खोट्यासाठी तिची वाडी घालवू नको. थांब, मी खरं सांगतो."

"आता तुझं कोन ऐकेल?" तो म्हणाला. रागानं नाही. लाकूड किती इंच आहे ते सांगावं तसं. "तू आता खरं सांगितलंस तरी ते तसंच वाटेल."

त्यानं सही केली. आग्नेस आत गेली. थोड्या वेळानं आतून सुरीचा आवाज आला. अकराही वाजले नव्हते, ती कांदा चिरत होती.

पुढचं लवकर झालं. पावसाळ्याआधी नारळ पाडले. सोनचाफ्याची दोन झाडं आग्नेसनं मुळासकट काढून माझ्या दुकानामागे आणून लावली, त्यातलं एक जगलं. त्यांना विरारला फ्लॅट मिळाला, चौथा मजला, लिफ्ट चालू असली तर चालू. विल्सन शब्दाला जागला, फ्लॅट आग्नेसच्या नावावर केला, दर महिन्याला फोन करायचा. त्याला मी वाईट म्हणणार नाही. आग्नेस एका शाळेत डबे भरायच्या कामाला लागली. तिच्या हातांवरचे डाग हळूहळू गेले. बापाशी बोलायची, वेळेवर जेवण द्यायची, पण सकाळी आठालाच कांद्याची फोडणी घालायची, तेही दार उघडं ठेवून.

मी सहा महिने गेलो नाही. लाज म्हणा, हट्ट म्हणा. मला वाटत होतं, त्यानं मला उघडं पाडायला नको होतं. मी कुणासाठी केलं? हे मी स्वतःला रोज सांगत होतो. शेवटी आग्नेसचाच फोन आला, पप्पा नीट जेवत नाहीत, तुमचं नाव काढतात.

गेलो. दुपारची वेळ होती. तो बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खूप बारीक झाला होता. समोर दुसऱ्या बिल्डिंगीची भिंत, तिच्यावर पाइप. मी खिशातून रंध्यातून निघालेली लाकडाची साल काढून त्याच्या हातात दिली. उगाच, काय बोलावं कळेना म्हणून. त्यानं तिचा पिवळा रंग पाहिला, ती बोटात चुरली, दाताखाली धरली.

"फनस," म्हणाला.

"हो."

आत आग्नेस भांडी घासत होती.

"सुतार," तो म्हणाला, "आता सांग. त्या दिवशी काय आलं होतं?"

"जाऊ दे ना."

"सांग. माझ्या पोरानं काढलेली दारू. मी हुंगली नाय. तू हुंगलीस."

मग मी सांगितलं. डोळे मिटून सांगितलं, त्यानं शिकवलं होतं तसं, एकेक. "पहिला वास गुळाच्या पाकाचा. गरम, पुढे पुढे करणारा. मिनिटभरात गेला. दुसरा आला तो भाजलेल्या करवंटीचा, आणि त्याच्या मागून सुकेळी. तिसऱ्या दिवशीची, उन्हातून नुकती उचललेली. तुमच्या ओट्यावर यायचा तोच वास. मी दचकलो होतो."

तो ऐकत होता. दोन्ही तळवे मांडीवर उघडे.

"आणि तिसरा?"

"तिसरा करवतीखालच्या ताज्या भुशाचा. लाकूड चांगलं होतं, वाळलेलं होतं, पण जास्त होतं. सगळ्यांच्या वर लाकूडच उरलं. आणि त्याच्या खाली भिजलेल्या भाताचा, मोड आलेल्या दाण्याचा. जरासा. बोलू की नको असा."

"म्हंजे दाना अजून कच्चा," तो म्हणाला. "लाकडानं तोंड धरलंय त्याचं. लहान पिंपातून काढून मोठ्या जुन्या पिंपात टाकायला पायजे. अजून चार-पाच वर्सं. मग दाना बोलला असता." त्यानं तळवे एकमेकांवर ठेवले आणि हळूहळू घासायला लागला. "कोवळी हाय, पन खोटी नाय. पोरानं काम चांगलं केलंय."

"आणि किंमत?" मी विचारलं.

"वाडीएवढी नाय," तो म्हणाला. "त्याला म्हनलो असतो, थांब. तो थांबला असता. माझं ऐकायचा."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आग्नेस दारात उभी होती की नाही हे मी वळून पाहिलं नाही.

मी उठलो. तो उठ म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. लिफ्ट बंद होती, चार जिने उतरून खाली आलो आणि वर पाहिलं. बाल्कनीत तो तसाच बसला होता. तळवे घासले, नाकाशी धरले. परत घासले, परत धरले. मग तिसऱ्यांदा, कोरडे झाल्यावर, आणि या वेळी तो ते नाकाशी धरूनच बसला.